कर्जतला गाडीला मागून इंजिन का लावतात?

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबली की फलाटावर एकच धांदल उडते. वडापाववाले खिडक्यांशी येतात, सुट्ट्या पैशांवरून कुरकुर होते, कुणीतरी पाण्याची बाटली भरायला उतरतं आणि घरचे दारातून त्याच्या नावानं ओरडत बसतात. या सगळ्यात कधीतरी मागून एक धक्का बसतो. रोजचे प्रवासी पेपरातून मान वर काढत नाहीत. नवख्याच्या हातातला चहा मात्र हिंदकळतो. मागून इंजिनं लागलेली असतात.

मे महिन्यात अशीच भाची सोबत होती. नववीत जाणार, पुस्तकं आधीच आणून ठेवलेली, आणि विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. धक्का बसला तसं तिनं विचारलं, “मामा, पुढे इंजिन आहे की. मग मागून कशाला?”

“घाट आहे ना. एकाचा जोर पुरत नाही.”

“मग पुढेच एक मोठं इंजिन का नाही लावत?”

माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. आणि ते पुरं करायचं तर गती, बल, घर्षण, न्यूटनचे तिन्ही नियम असं सगळंच बाहेर काढावं लागतं. कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर. तेवढ्यात जे बोलणं झालं, ते इथे जरा नीट मांडतो.

आपण हललो की शेजारची गाडी?

गाडी अजून कर्जतलाच होती. शेजारच्या रुळावरची मालगाडी हलली आणि आम्हा दोघांनाही क्षणभर वाटलं, सुटलो. मग पलीकडचा खांब दिसला. तो जागच्या जागी होता.

ही फसगत सगळ्यांची होते, आणि तिच्यात गतीबद्दलची पहिली गोष्ट दडलेली आहे. एखादी वस्तू हलते आहे की नाही, हे ती एकटी बघून सांगता येत नाही. कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावं लागतं. आर्यभटानं इसवी सन ४९९च्या आपल्या ग्रंथात नावेचा दाखला दिला आहे: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर गोष्टी मागे जाताना दिसतात, तशीच स्थिर नक्षत्रं आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे, हे त्यानं नावेत बसवून समजावलं. आम्ही मालगाडीकडे बघून समजून घेतलं, एवढाच फरक.

पाठ्यपुस्तकातले अंतर-विस्थापन आणि चाल-वेग हे शब्द मुलं घोकतात आणि पेपरात हमखास उलटे लिहितात. मुंबई ते पुणे रुळानं १९२ किलोमीटर. पण पक्षी सरळ रेषेत उडाला तर साधारण १२०. पहिलं अंतर, दुसरं विस्थापन. सकाळी पुण्याहून निघून रात्री पुण्यात परतणाऱ्या नोकरदाराचं अंतर ३८४ आणि विस्थापन शून्य. हे ऐकून तो नोकरदार फारसा खूश होणार नाही. चाल फक्त किती भरभर ते सांगते, वेग कुठल्या दिशेनं तेही सांगतो. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला वेगच म्हणतो आणि त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते वळणावर, तिकडे पुढे येतोच.

खुंटीवरची पिशवी

गाडी सुटली. आमच्या समोर खिडकीशेजारच्या खुंटीला कापडी पिशवी अडकवलेली होती, तळाशी पाण्याची बाटली. मी भाचीला म्हटलं, आता हिच्याकडे बघ.

गाडी वेग घेत होती तोवर पिशवी किंचित मागे झुकलेली होती. जेमतेम एखाद-दोन अंश, पण डब्याच्या उभ्या कडेशी ताडून बघितलं की कळत होतं. पळसदरीच्या आसपास वेग स्थिरावला आणि पिशवी सरळ लोंबायला लागली. पुढे ब्रेक लागला तेव्हा ती पुढे झुकली.

यातली गंमत अशी की पिशवीला वेग कळतच नाही. गाडी उभी असो, ताशी ३०नं चाललेली असो की ताशी १००नं, वेग एकसारखा असला तर पिशवी सरळच. तिला फक्त वेगातला बदल कळतो. त्या बदलाच्या दराला पुस्तकात त्वरण म्हणतात. आपल्या शरीराचंही तसंच आहे. धावत्या गाडीत आपण निवांत झोपतो, जाग येते ती ब्रेक लागल्यावर.

पिशवी मागे का झुकली? तिला कुणी मागे ओढलं नव्हतं. गाडी पुढे निघाली, खुंटी गाडीबरोबर निघाली, पिशवी मात्र होती तिथेच राहायला बघत होती. जे चाललंय ते तसंच चालू ठेवायचं, उभं असेल तर उभं आणि धावत असेल तर धावतं, या हट्टाचं नाव जडत्व. मग खुंटीनं बंदाला धरून पिशवीला पुढे खेचलं तेव्हा तीही गाडीच्या वेगानं निघाली. बंद तिरका दिसतो तो त्यासाठी. सरळ लोंबणारा बंद पिशवीला फक्त वर धरू शकतो. पुढे खेचायचं तर त्याला तिरकंच व्हावं लागतं.

न्यूटनचा पहिला नियम एवढाच: बाहेरून बल लागलं नाही तर वेग बदलत नाही. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, बस. नियम सोपा आहे, पण तो मनाला पटत नाही आणि त्याला कारणही तसंच आहे.

आपला आयुष्यभराचा अनुभव उलटा असतो. हातगाडी ढकलायची थांबवली की ती थांबते. सायकलचे पेडल मारणं सोडलं की सायकल मंदावते. यावरून माणूस सरळ निष्कर्ष काढतो की हालचाल चालू ठेवायला जोर लागतो. अॅरिस्टॉटलनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी साधारण हेच म्हटलं आणि पुढची दीड-दोन हजार वर्षं बहुतेकांनी ते मानलं. तो काही वेडा नव्हता. त्यानं घर्षणाचा हिशोब धरला नव्हता, इतकंच.

कॅरम खेळणाऱ्याला हे आतून माहीत असतं. पावडर नसलेल्या बोर्डावर स्ट्रायकर मारला तर तो अर्ध्यात अडतो. बोटानं तोच फटका, पण बोर्डावर पावडर टाकलेली असेल तर तो पलीकडच्या कडेवर आपटून परत येतो. बोट तर केव्हाच सुटलेलं असतं, मग स्ट्रायकरला पुढे कोण नेतं? कुणीच नाही. तो जातच असतो. लाकूड त्याला थांबवतं, आणि पावडर लाकडाला तसं करू देत नाही. पावडर अजून चांगली असती, बोर्ड अजून लांब असता, तर तो अजून पुढे गेला असता. गॅलिलिओनं नेमका हाच विचार केला, फक्त कॅरमऐवजी उतरणीवर गोळे सोडून. त्याच्या उतरणी लक्षात ठेवा, कारण त्या घाटात परत भेटणार आहेत.

घाटातला खरा प्रश्न

आता गाडी चढाला लागली होती. बोगद्यांमागून बोगदे सुरू झाले. बोरघाटाचा हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, आणि त्यातला सगळ्यात खडा चढ आजही तोच आहे: ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एसटीच्या घाटरस्त्यापुढे हा चढ काहीच नाही. पायी जाणाऱ्याला तर तो चढ वाटणारही नाही. पण रेल्वेला तो जड जातो.

मी भाचीला एक प्रश्न विचारला. हा प्रश्न मी चांगल्या शिकलेल्या लोकांना, त्यात इंजिनीअरही आले, विचारून पाहिला आहे आणि निम्मे तरी चुकतात. गाडी घाटात ताशी ३० किलोमीटरच्या एकसारख्या वेगानं वर चालली आहे. तिला वर नेणारा जोर आणि तिला खाली खेचणारा जोर, यात मोठा कोणता?

“वर नेणारा. नाहीतर चढेल कशी?”

उत्तर: दोन्ही सारखे. तंतोतंत.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवी कुठेही झुकत नव्हती. (गाडीच चढावर तिरकी असल्यामुळे ती डब्याच्या कडेशी दीड अंशाचा कोन करत होती, पण जमिनीच्या हिशोबानं सरळ खाली.) म्हणजे वेग बदलत नव्हता. म्हणजे सगळी बलं मिळून शिल्लक शून्य. वर नेणारा जोर जरासाही जास्त असता तर गाडी चढता चढता वेग घेत गेली असती. कमी असता तर मंदावत मंदावत थांबली असती आणि नंतर मागे घसरली असती.

मग गाडी वर चढतेच कशी? जशी सपाटीवर पुढे जाते तशीच. तिच्याकडे वेग आहे, आणि तो बदलायला कुणी उरलेलं नाही. चढाच्या पायथ्याशी, वेग घेताना, काही वेळ इंजिनांचा जोर जास्त होता. त्या जास्तीच्या जोरानं वेग मिळवून दिला. नंतरचं काम फक्त बरोबरी राखायचं.

बल वेग देत नाही, वेग बदलतं. अख्ख्या धड्यातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या मते ही आहे, आणि पुस्तकात ती एका ओळीत उरकली जाते. न्यूटननं १६८७ साली छापलेल्या ग्रंथात ती दुसऱ्या नियमाच्या रूपात मांडली. नववीच्या भाषेत: शिल्लक बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. तेवढंच बल दुप्पट वस्तुमानाला लावलं तर वेग निम्म्यानंच वाढतो. रिकामी हातगाडी आणि कांद्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी एकदा ढकलून बघितलेल्याला हे सूत्र पाठ करावं लागत नाही.

बल न्यूटनमध्ये मोजतात. शंभर ग्रॅमचा कांदा तळहातावर ठेवल्यावर हाताला जो दाब जाणवतो, तो साधारण एक न्यूटन. पण न्यूटन म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. त्यामुळे पुढचा हिशोब मी ‘इतक्या टनांचा भार’ असाच करतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तेवढी सूट द्यावी.

तीस टनांचं ओढणं

वीस डब्यांची गाडी आणि पुढचं इंजिन मिळून गोळाबेरीज ११०० टन धरू. गाडीगणिक आकडा बदलतो, पण अंदाजाला पुरे.

सपाटीवर हे ११०० टन रूळ पेलतात. वजन सरळ खाली, रुळाचा आधार सरळ वर, हिशोब मिटला. गाडी चालती ठेवायला फक्त घर्षण आणि हवेचा अडथळा भरून काढायचा. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, त्यामुळे कमी वेगात हा अडथळा टनामागे दोन-तीन किलो इतकाच पडतो. म्हणजे ११०० टनांच्या गाडीला सगळा मिळून तीनेक टनांचा जोर. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळे.

चढावर रूळ तिरका होतो. रूळ वजन पेलतो ते आपल्या पाठीशी काटकोनातच, सरळ वर नाही. त्यामुळे वजनाचा थोडासा भाग पेलायचा राहून जातो आणि तो गाडीला उतारावरून मागे खेचतो. किती भाग? चढाइतकाच, ३७ला १. म्हणजे ११०० भागिले ३७, जवळपास ३० टन.

सपाटीवर ३ टनांत काम भागत होतं, घाटात ३३ लागतात. अकरापट. पायी चालणाऱ्याला न जाणवणारा चढ रेल्वेला जड का, ते इथे कळतं. सपाटीवरचा तिचा खर्चच इतका कमी आहे की ३७ला १ हा चढही डोंगराएवढा होतो.

आता भाचीचा मूळ प्रश्न. ३३ टन ओढणारं एकच दणकट इंजिन बनवता येत नाही का? मोटारींची ताकद वाढवता येते. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती कळायला आधी बैलगाडीकडे जावं लागतं.

गाडीला पुढे कोण ढकलतं?

बैल गाडीला पुढे ओढतो. न्यूटनचा तिसरा नियम म्हणतो की गाडीही बैलाला तेवढ्याच जोरानं मागे ओढते. मग गाडी हलते कशी? दोन्ही सारखं असेल तर फिटंफाट व्हायला हवी. हा प्रश्न वर्गात विचारला की चांगली हुशार मुलं गप्प होतात, आणि काही शिक्षक विषय बदलतात.

फिटंफाट होत नाही, कारण ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. माझ्या खात्यात जमा झालेले शंभर आणि तुमच्या खात्यातून गेलेले शंभर मिळून माझी शिल्लक शून्य होत नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं मांडायचं. गाडीचं खातं: बैल पुढे ओढतोय, चाकांचं घर्षण मागे. पुढचं जास्त असेल तर गाडी हलली. बैलाचं खातं: गाडी मागे ओढतेय. मग त्याला पुढे कोण ढकलतं?

जमीन. बैल खूर रोवून जमिनीला मागे रेटतो, आणि जमीन त्याला तेवढ्याच जोरानं पुढे रेटते. पावसाळ्यात चिखलात हाच बैल, हीच ताकद, पण खूर सरकतात. जमीन मागे रेटून घेत नाही, म्हणून पुढेही रेटत नाही. शेतकरी अशा वेळी बैलाला चाबूक मारत नाही, चाकापुढे दगड आणि पाचोळा टाकतो. खोट कुठे आहे हे त्याला कळलेलं असतं.

आपण चालतो तेही असंच. घर्षण हे हालचालीचं शत्रू असं शिकवतात, पण ओल्या फरशीवर घाईनं निघून बघा. पायाखाली घर्षण नसेल तर पहिलं पाऊलच पडत नाही.

इंजिन म्हणजे लोखंडी बैल. मोटार चाक फिरवते, चाक रुळाला मागे रेटतं, रूळ इंजिनाला पुढे रेटतो. इंजिन साखळीनं टांगून चाकं फिरवली तर ती नुसती गरगरतील. काटेकोर बोलायचं तर गाडीला पुढे ढकलतो तो रूळ.

आणि रूळ किती जोरानं ढकलू शकतो, हे मोटारीवर अवलंबून नाही. ते चाक रुळाला किती घट्ट धरतं यावर आहे. चाक आणि रूळ एकमेकांना भेटतात ती जागा साधारण करंगळीच्या नखाएवढी. कोरड्या रुळावर ही पकड चाकावरच्या भाराच्या पाव हिश्शाइतकी, फार तर त्याहून थोडी जास्त धरता येते. इंजिनाचं वजन १२० टनांच्या आसपास. त्याचा पाव हिस्सा ३० टन. लागत होते ३३.

याहून जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी घसरायला लागतं. मोटार दुप्पट ताकदीची बसवली तर ते दुप्पट जोरात घसरेल. त्यात जून-जुलैतला बोरघाट, रुळावर पाणी आणि पाचोळा. पकड आणखी खाली येते. इंजिनात वाळूची पेटी असते आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते, ती याचसाठी. शेतकऱ्याचा पाचोळा आणि इंजिनाची वाळू ही एकच युक्ती.

पकड वाढवायचा दुसरा मार्ग म्हणजे रुळावर जोर लावणाऱ्या चाकांवर आणखी वजन टाकणं. एक इंजिन फार जड केलं तर रूळ आणि पूल ते सोसत नाहीत. म्हणून इंजिनंच वाढवायची. मागून दोन लावली की ओढायचं एकूण वजन थोडं वाढतं, ३३चे ४० टन होतात, पण पकड तिप्पट, ९० टन. आता पाऊस पडला तरी चिंता नाही. रेल्वेच्या बोलीत या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात.

“पण मागूनच का? पुढे तीन जोडायची.”

तिसरा नियमच पुन्हा. तिन्ही इंजिनं पुढे असती तर सगळ्या डब्यांचं मागे खेचणं पहिल्या डब्याच्या कपलिंगमधून गेलं असतं. मधला प्रत्येक डबा पुढच्याला मागे ओढतो आणि मागच्याला पुढे, असा ताण साखळीसारखा चढत जातो आणि सगळ्यात जास्त ताण पहिल्या जोडावर येतो. मागून ढकललं की निम्म्याहून अधिक डबे दाबले जातात, ताणले जात नाहीत. शिवाय एखादं कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे घाटावरून मागे धावत सुटत नाहीत, त्यांच्या पाठीला इंजिन असतं.

फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि ती याच घाटातून बँकर न लावता जायला लागली, त्याचं लोकांना मोठं अप्रूप वाटलं. तिचं रहस्य मोटारींच्या ताकदीइतकंच त्यांच्या जागेत आहे. तिला वेगळं इंजिन नाही, निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. म्हणजे गाडीचं निम्मं वजन रुळाला रेटणाऱ्या चाकांवर. एका इंजिनाच्या गाडीत हाच हिस्सा एक नवमांश असतो.

वळण

घाट वळणावळणाचा आहे. गाडीत वळणाचं फारसं जाणवत नाही, कारण वेग कमी असतो आणि वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच बसवलेला असतो. एसटीत मात्र चांगलंच जाणवतं. डावीकडे वळण आलं की शेजारचा काका आपल्या अंगावर येतो.

काका म्हणतो, बाहेर फेकलो गेलो. रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्याला काही वेगळंच दिसेल. काका सरळच चालला होता, गाडी त्याच्याखालून डावीकडे वळली. वेगात दिशाही मोजतात असं मघाशी म्हटलं ते इथे लागतं. चाल तीच राहिली तरी दिशा बदलली म्हणजे वेग बदलला, आणि वेग बदलायला बल हवं. सीटचा दांडा, शेजाऱ्याचा खांदा, जे हाताशी असेल ते काकाला आतल्या बाजूला ढकलतं. बाहेर ढकलणारं तिथे कुणीच नसतं.

डोंगरात जाणारा रूळ

कर्जत ते लोणावळा उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. ११०० टन तेवढे वर चढवायला लागणारी ऊर्जा सुमारे सोळाशे युनिट वीज भरते, म्हणजे महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट जाळणाऱ्या घराचं वर्ष. हे निव्वळ उचलण्याचं, वाटेतलं घर्षण वेगळं. माझ्या एकट्याच्या सत्तर किलोंच्या वाट्याला मात्र एक दशांश युनिट येतं, रुपयाच्या आतबाहेरचं.

ही ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही. गाडी लोणावळ्याला उभी असते तेव्हा ती उंचीच्या रूपात गाडीपाशी असते, आणि उतरताना परत बाहेर येते. उतारावर ३० टनांचं तेच ओढणं आता पुढे ओढतं. ब्रेक लावून ती ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. नव्या विजेच्या इंजिनांत मोटारीच जनित्रासारख्या चालवून तिचा काही भाग तारेत परत सोडता येतो. चढताना जोर कमी पडला तर फार तर गाडी अडकते, उतरताना ब्रेक कमी पडला तर ती सुटते. म्हणून घाट उतरणारी गाडी ठिकठिकाणी थांबवून ब्रेक तपासतात.

थांबवणं किती अवघड ते आकड्यांत बघा. सपाटीवर ताशी १००नं धावणाऱ्या गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दरानं उतरवला तर थांबायला सुमारे ५५ सेकंद आणि पाऊण किलोमीटर लागतो. ताशी ५०ला? निम्मा नव्हे, पाव. दोनशे मीटरच्या आत. वेग दुप्पट तर थांबायचं अंतर चौपट. फाटकाखालून वाकून जाणाऱ्याला ‘गाडी अजून लांब आहे’ असं वाटतं, तेव्हा ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

खिडकीतून एक रूळ मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत गेलेला दिसला आणि तिथेच संपलेला. भाची म्हणाली, “हा कुठे जातो?”

कुठेच नाही. ताबा सुटलेल्या गाडीसाठीचा फाटा आहे तो. एरवी गाडीचा मार्ग बदलणारा रुळांचा काटा याच फाट्याकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, ती ताब्यात आहे अशी खात्री पटते, तेव्हाच काटा मुख्य मार्गाकडे फिरतो. जी थांबत नाही ती आपोआप या चढावर जाते.

इथे गॅलिलिओच्या उतरणी परत आल्या. त्यानं एका उतरणीवरून गोळा सोडला आणि समोर दुसरी चढण ठेवली. गोळा चढणीवर जवळजवळ सुटला त्याच उंचीपर्यंत गेला. चढण कमी तिरकी केली तर तो लांबवर गेला, पण उंची तीच. मग चढण अगदी सपाट केली तर? ती उंची कधी गाठलीच जाणार नाही, म्हणजे तो जातच राहील. जडत्वाची कल्पना त्यानं अशी पकडली. बोरघाटातला तो फाटा म्हणजे गॅलिलिओची दुसरी चढण, टनांच्या मापात.

“मग मालगाडीसाठी वेगळा, जास्त उंच फाटा लागत असेल. ती कितीतरी जड असते.”

मी म्हटलं, करून बघ हिशोब. वेगामुळे असलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उंचीमुळे असलेली म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. गाडी थांबते तेव्हा पहिली सगळी दुसरीत गेलेली असते. ताशी ७२ किलोमीटर धर, म्हणजे सेकंदाला नेमके २० मीटर, आकडेमोड सोपी.

तिनं वडापावचा कागद उलगडला आणि मांडीवर ठेवून लिहायला लागली. दोन्ही बाजूंना वस्तुमान आलं, तिनं दोन्हीकडचं खोडलं. थोडा वेळ त्या खोडलेल्या जागेकडे बघत राहिली. मग चारशे भागिले एकोणीस पूर्णांक सहा. वीस मीटर आणि वर थोडं, मालगाडी असो की डेक्कन क्वीन. लिहायला गेली तर पेन उठेना, कागद तेलकट.

“घर्षण नाही,” ती म्हणाली, आणि कागदाचा कोरडा कोपरा शोधायला लागली. बाहेर लोणावळा आलं होतं. मागची इंजिनं कधी सुटली ते आम्हाला कळलं नाही.